समस्थानिक: यातलं स्थान कुठलं?

प्रश्न असा आलाय की मुलाच्या सायन्सच्या गृहपाठात 'समस्थानिक' शब्द आहे, त्यातलं स्थान म्हणजे नेमकं कुठलं, आणि 'तरंग'च्या जागी सरळ 'लाट' लिहिलं तर मार्क कापतात का.

आधी एक गोष्ट. समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी, हे जे सारखं कानावर पडतं ते प्लीज बंद करा. क्लोरीनचे 35 आणि 37 हे दोन्ही समस्थानिक एकदम स्थिर आहेत, मिठातून रोज पोटात जातात, कुणाला काही झालंय? व्याख्या पुस्तकात आहेच, थोडक्यात सांगायचं तर एकाच मूलद्रव्याचे अणू, प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमीजास्त, म्हणून वजनं वेगळी (ते 35 आणि 37 म्हणजे दोन्हींची मिळून बेरीज).

स्थान म्हणजे आवर्तसारणीतलं, मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं, घर. आणि खरी मजा पुढेच आहे. ग्लासगोत रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी चक्रावलेले, कारण आयोनियम (आज तो थोरियमचाच समस्थानिक) आणि थोरियम वेगळी मूलद्रव्यं म्हणून नोंदलेली, वजनं वेगळी, पण रासायनिक रीतीने काही केल्या वेगळी होईनात, म्हणजे दोघं एकाच पाटावर बसलेले! सांगतात की सासुरवाडीला जेवणावर हा विषय निघाला आणि तिथे असलेल्या मार्गारेट टॉड यांनी ग्रीक शब्द सुचवला, आयसोस म्हणजे सम, टोपोस म्हणजे जागा. 1913 साली सॉडींनी 'आयसोटोप' छापलासुद्धा. या टॉड डॉक्टर होत्या आणि कादंबऱ्या लिहायच्या, तेही पुरुषाच्या नावाने. (यूटोपियातला टोपोस तोच बरं का, 'नसलेली जागा'.)

आता काही शुद्धिवादी म्हणतात की 'समस्थानिक'मुळे पोरं गोंधळतात, 'समप्रोटॉनी' करा. अहो, 1913 ला प्रोटॉन हे नावच नव्हतं, रदरफर्डनी ते 1920 मध्ये ठेवलं! शब्दातला इतिहास पुसून वर मराठीची सेवा केली म्हणायचं, हे मला तरी झेपत नाही. हां, एक गंमत मराठीत हुकते हे मान्य: 1934 मध्ये आयसोटोपमधला 'प' (जणू प्रोटॉनचा) काढून 'न' (न्यूट्रॉनचा) घातला आणि 'आयसोटोन' तयार केला, न्यूट्रॉनांची संख्या सारखी असलेल्या अणूंसाठी.

अरे हो, तरंग राहिलाच. संस्कृत तॄ धातू, पार जाणं. पाणी जागच्या जागी वरखाली होतं, पार जातो तो तरंग, आणि त्यावर नुसतं डुलणारं बूच तरंगतं, शब्द त्याच घरातला. उष्णतेची लाट येते, प्रकाशाची लाट आलेली ऐकलीय कधी? मार्कांचं मात्र मुलाच्या बाईंनाच विचारा.