वेलिंग्टन, कायदा आयोग आणि माझं हक्कसोडपत्र

तू विचारलंस: कोल्हापुरात पाच वर्षं वकिली झाली, नवऱ्याला न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये नोकरी लागलीय, मुलगा सात वर्षांचा आहे, तर तिथल्या कायदा आयोगासारख्या, कायद्यात काय बदल करावेत ते सरकारला सुचवणाऱ्या ठिकाणी काम मिळेल का? दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. आता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी लिहितेच आहे. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

पदवीची तपासणी, कोणते पेपर पुन्हा द्यायचे, व्हिसा, हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलंय. तिथे दिलेलं नसतं ते नावाचं. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. पदवी तपासणाऱ्या इथल्या बाईंनी आडनाव हेच माझं नाव धरलं आणि बाबांच्या नावाला आडनाव केलं. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव. एकीच्या तीन बायका झाल्या. त्या निस्तरण्यात चार महिने गेले. नावाचं प्रतिज्ञापत्र निघायच्या आधी करून घे, चांगल्या चार प्रती. शिवाय गुणपत्रिका विद्यापीठाकडून बंद लखोट्यात थेट यायला हवी होती. त्यासाठी गुडघे धरलेले माझे बाबा साताऱ्याहून एसटीनं तीन खेपा करून आले. खिडकीतला माणूस दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

साताऱ्यात मी मोटार अपघाताचे दावे चालवायचे. इथे ते दावेच नाहीत! १९७४पासून अपघातात जखमी झालेल्याला, चूक कुणाची हे न विचारता, सरकारी योजनेतून पैसे मिळतात आणि भरपाईसाठी कोर्टात जायची वाट जवळजवळ बंद आहे. ही कल्पना १९६७च्या एका अहवालातली, आणि तो ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला ते न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊसच पुढे कायदा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. माझ्या पोटावर ज्या माणसानं मी जन्मायच्या आधीच पाय दिला होता, त्याच्याबद्दल मी वाचनालयात बसून आदरानं टिपणं काढत होते.

आता आयोगाबद्दल. मी तिथे काम करत नाही. वस्तीतल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात आठवड्याचे तीन दिवस जाते. पण आयोगाचं बरंच वाचते, आणि तिथे सल्लागार असलेल्या दोघीजणी ओळखीच्या आहेत. आपला कायदा आयोग सरकारी आदेशानं तीन-तीन वर्षांसाठी नेमला जातो, त्याला स्वतःचा कायदा नाही. इथल्याला १९८५चा कायदा आहे. आयुक्त तीन ते सहा, त्यांच्या हाताखाली वाचणारे-लिहिणारे वकील. अध्यक्ष न्यायाधीशच असतो असं नाही. जेफ्री पामर आधी पंतप्रधान होते, नंतर या आयोगाचे अध्यक्ष. (उलट आपल्या साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर आधी सरन्यायाधीश, मग भारताच्या कायदा आयोगाचे अध्यक्ष. हे मी इथे कुणाला सांगितलं तर सगळे नम्रपणे मान डोलावतात.)

काम असं: आधी प्रश्न मांडणारा मसुदा काढायचा, लोकांकडून सूचना घ्यायच्या, मग अहवाल. तो संसदेपुढे जातो आणि पुढचं सगळं सरकारच्या मर्जीवर. २००७ साली राजद्रोहाचं कलम काढा म्हणाले, तर ते गेलंसुद्धा. आपल्या आयोगानं २०२३मध्ये, २७९व्या अहवालात, ते ठेवा म्हटलं. पण इथलेही कित्येक अहवाल नुसते पडून राहतात. वर्षभर खपून लिहिलेलं कपाटात जाणं सोसणार असेल तर अर्ज कर.

मुलाखतीला जाताना माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या रूढींचा, तिकांगाचा अभ्यास करून जा. माओरी दृष्टिकोन लक्षात घेणं आयोगाला कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि २०२३चा त्यांचा 'हे पोउतामा' हा प्रबंध याच विषयावर आहे. रूढी आणि कायदा यांचं भांडण आपण हिंदू कायद्यात शिकलोय. तिथे तू इथल्यांपेक्षा कच्ची नाहीस.

मुलाच्या शाळेचं मात्र मला अजून सलतं. प्रवेशाच्या फॉर्मवर मी अभिमानानं 'घरची भाषा: मराठी' लिहिलं. तेवढ्यावरून, साताऱ्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीला वर्षभर रोज वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवलं. ती बोलत नाही, असं बाई म्हणाल्या. ती नवीन होती, म्हणून बोलत नव्हती! मी दोनदा भेटले, दोन्ही वेळा बिस्किटं मिळाली. पुढे शाळेत पेपेहा शिकवला. आपला डोंगर कोणता, नदी कोणती, असं सांगून स्वतःची ओळख करून द्यायची. मी अजिंक्यतारा आणि कृष्णा घोकून घेतलं. ती उभी राहिली आणि माउंट व्हिक्टोरिया म्हणाली. घराच्या खिडकीतून तोच दिसतो, तिचं तरी काय चुकलं. फॉर्मवर मराठी लिहू की नको, असं तू विचारशील. मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. वारा जास्त छळतो, छत्री आणू नकोस.

आता ते, ज्यासाठी मी इतकी रात्र जागवतेय. फेब्रुवारी २०२१मध्ये बाबा गेले. कोरोनामुळे सीमा बंद होत्या, परत येताना विलगीकरणाची जागा मिळेना, मी गेले नाही. एप्रिलमध्ये भावाचा फोन आला: कोरेगावच्या पावणेदोन एकर जमिनीतला तुझा हक्क सोडल्याचं हक्कसोडपत्र करायचंय, मुखत्यारपत्र पाठव. त्याच महिन्यात इथल्या आयोगानं वारसाहक्काच्या कायद्यावर लोकांच्या सूचना मागवल्या. त्यात एक प्रश्न असा होता, की मृत्युपत्रात डावललेल्या प्रौढ मुलांना आईबापाच्या मालमत्तेवर दावा करता यावा का? सध्या १९५५च्या कायद्यानं करता येतो. वर्षअखेरीस अहवाल आला त्यात आयोगानं दोन पर्याय ठेवले: सगळ्याच मुलांना तो हक्क, किंवा फक्त पंचविशीच्या आतल्यांना आणि अपंगांना. त्यावर कायदा अजून झालेला नाही.

मी सूचना लिहायला घेतली. एका खिडकीत ती, दुसरीत मुखत्यारपत्राचा मसुदा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका, म्हणजे मलाही हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती आपल्याच आयोगाच्या १७४व्या अहवालातून आलेली. लेक्चरमध्ये मी ती मुलींना समजावून सांगितलेली. आणि मी सही केली. भावानं काही दडपण आणलं नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी बाबांनी किती खेपा घातल्या." विद्यापीठाच्या खेपा, त्याच. लखोट्याची किंमत पावणेदोन एकर होते का, हा हिशोब मी केला नाही. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर काम झालं.

सूचना पाठवायची मुदत जूनमध्ये संपली. माझी तशीच राहिली, चौथ्या परिच्छेदात 'प्रौढ मुलींच्या बाबतीत' इथे थांबलेली. त्या दोघी सल्लागार भेटतात तेव्हा आम्ही त्या अहवालावर तासन्‌तास बोलतो, माझं मत अगदी ठाम असतं.

आयोगाच्या जागा वर्षभरात केव्हाही निघतात, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेव. आणि तुझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर काय चाललंय ते निघायच्या आधी एकदा तलाठ्याकडे जाऊन बघून ये. इथून बघता येत नाही असं नाही, ऑनलाइन दिसतो. मी अजून उघडलेला नाही.