वाचकांचे प्रश्न : जुना संगणक, जुन्या फ्लॉपी आणि बंद पडलेली ॲप्स

जुन्या संगणकांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यांत विचारलेल्या कामात एकदा चूक झाली की ती सहसा दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न : आमच्या माळ्यावर ३८६ प्रोसेसरचा एक संगणक सापडला. काका तो वापरत असत आणि त्यांच्या पश्चात तो कोणी उघडलेला नाही. त्यात त्यांची पत्रे आणि टिपणे असावीत. धूळ पुसून वीज जोडून पाहिली तर चालेल का?

उत्तर : कृपया अजून वीज जोडू नका. आधी पेटीचे स्क्रू काढून झाकण उघडा आणि मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर), बहुतेकदा कीबोर्डची पिन जिथे बसते त्या कोपऱ्याजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली छोट्या पिंपासारखी बॅटरी दिसते का ते पाहा. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी संगणकाचे घड्याळ आणि मांडणीच्या नोंदी जपण्यासाठी असे. कालांतराने ती गळते, आतला अल्कलीयुक्त द्रव बोर्डवर पसरतो आणि तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. बॅटरीभोवती हिरवट-निळसर पापुद्रा दिसत असेल तर हे काम सुरू झाले आहे असे समजावे. पापुद्रा दिसत नसला तरीही बॅटरी कटरने कापून काढावी. डाग असलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर लावावे, म्हणजे अल्कलीचा परिणाम निष्प्रभ होतो. त्यानंतर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून बोर्ड पूर्ण कोरडा होऊ द्यावा. व्हिनेगर तसेच राहू दिले, तर तेही धातूला त्रास देते.

दुसरी पायरी पॉवर सप्लायची. तो मदरबोर्डपासून आणि सर्व ड्राइव्हपासून सोडवून वेगळा तपासावा, मात्र त्याची स्वतःची पेटी उघडू नये, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही भार साठलेला असू शकतो. त्या काळचे बरेच पॉवर सप्लाय वीज घेणारे काही जोडलेले नसेल तर सुरूच होत नाहीत, म्हणून एखादा निकामी ड्राइव्ह जोडून मगच मल्टिमीटरने मोजणी करावी. लाल तारेवर ५ व्होल्ट आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट यायला हवेत, आणि दोन्हींत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट. या तपासणीत पॉवर सप्लायमधून धूर आणि उग्र वास आला, तर घाबरून न जाता वीज तोडावी. वीज आत येते त्या ठिकाणच्या गाळणीतले कागदी कपॅसिटर वयोमानाने तडकतात, त्यांत दमटपणा शिरतो आणि ते असे फुटतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या तंत्रज्ञाला ते बदलून देता येतात.

मदरबोर्डला पॉवर सप्लाय पुन्हा जोडताना सर्वांत जास्त सावध राहा. त्या पिढीत सहा-सहा पिनांचे दोन स्वतंत्र कनेक्टर शेजारी शेजारी बसवावे लागत आणि त्यांची अदलाबदल झाली तरी ते आत जात. नियम एकच आहे : दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. माझ्या हातून अनेक वर्षांपूर्वी ही अदलाबदल झाली आणि एक उत्तम स्थितीतला बोर्ड क्षणार्धात गेला. तेव्हापासून तारा सोडवण्याआधी मी छायाचित्र घेतो, आणि आपणही घ्यावे असा माझा आग्रह आहे.

आता हार्ड डिस्क. बॅटरी संपलेली असल्यामुळे संगणकाला स्वतःच्या डिस्कची ओळख राहिलेली नसेल. त्या काळात सेटअपच्या पडद्यावर डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागत, आणि हे आकडे बहुधा डिस्कच्या लेबलवरच छापलेले असतात. ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर असे लिहिलेले असेल, तर त्यांचा गुणाकार करून ५१२ बाइटांनी गुणावे. सुमारे सव्वाचार कोटी बाइट येतात, म्हणजेच ती ४० मेगाबाइटची डिस्क आहे. आकडे चुकले तर संगणक डिस्कवरून सुरू होत नाही, आणि मग डिस्क मेली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा गैरसमजातून किती डिस्क फेकल्या गेल्या असतील याची मला खरोखर हळहळ वाटते.

डिस्क सुरू झाली, तर त्या दिवशी दुसरे काहीही करू नका. खेळ उघडू नका, फाइली चाळू नका, आधी प्रत काढा. आजचे यूएसबी जोडणीचे अडॅप्टर इतक्या जुन्या डिस्क अनेकदा ओळखत नाहीत. अशा वेळी सिरियल पोर्टला नल मोडेम केबल, म्हणजे पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली केबल लावून, डॉस ही त्या काळची कार्यप्रणाली चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर फाइली नेता येतात. एमएस-डॉसच्या ६ व्या आवृत्तीत त्यासाठी इंटरलिंक नावाची सोय आहे. सेकंदाला १,१५,२०० बिट या कमाल वेगाने, एका बाइटमागे दहा बिट धरले, तर ४० मेगाबाइटची भरलेली डिस्क तासाभराहून थोड्या जास्त वेळात उतरते. पोर्ट जुन्या पद्धतीचा असेल तर वेग कमी ठेवावा लागेल आणि रात्र जाईल. जाऊ द्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या ५.२५ इंची बारा फ्लॉपी मी जपून ठेवल्या होत्या. एका परिचितांनी त्यांतील फाइली काढून दिल्या. वडील इंग्रजीत, वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम वापरून लिहीत असत. फाइली उघडल्या, पण जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र चिन्हासारखे दिसते. फ्लॉपी खराब झाल्या असाव्यात का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून फ्लॉपी उत्तम वाचल्या गेल्या आहेत असे मी खात्रीने सांगतो. चुंबकीय खराबी अशी नियमाने, शब्दाच्या शेवटीच येत नाही. आपण पाहत आहात ती वर्डस्टारची लिहिण्याची पद्धत आहे.

इंग्रजी अक्षरांना ० ते १२७ इतकेच संकेतांक पुरतात, त्यामुळे बाइटमधला आठवा बिट मोकळा राहतो. १९७८ साली बाजारात आलेल्या या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी तो मोकळा बिट ओळी जुळवण्याच्या कामाला लावला आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर तो चढवून ठेवला. आठवा बिट चढला की संकेतांकात १२८ मिळवले जातात. छोट्या लिपीतल्या ‘आर’चा संकेतांक ११४ आहे, तो २४२ होतो, आणि डॉसच्या मूळ चिन्हसंचात २४२ या जागी गणितातले ‘पेक्षा मोठे किंवा समान’ हे चिन्ह आहे. म्हणून ‘आर’ने संपणारा प्रत्येक शब्द आपल्याला त्या चिन्हाने संपलेला दिसत असेल. वडिलांच्या कोणत्याही फाइलीत हे पडताळून पाहा.

उपाय सोपा आहे, पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. १२८ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक बाइटमधून १२८ वजा केले की अक्षरे जागेवर येतात. मात्र त्याआधी १४१ आणि १० या बाइटांची जोडी शोधून तिच्या जागी एक मोकळी जागा भरावी. वर्डस्टार परिच्छेदाच्या मध्ये स्वतःहून जी ओळ मोडत असे तिची खूण १४१ या बाइटाने होई, आणि लेखकाने एंटर दाबून मोडलेल्या ओळीची खूण १३ ने. सरसकट १२८ वजा केले तर १४१ चे १३ होतात, दोन्ही खुणा एकसारख्या दिसू लागतात आणि वडिलांनी परिच्छेद कुठे संपवला होता ही माहिती कायमची पुसली जाते. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी या छपाईच्या सूचना असतात. फाइलीच्या शेवटी २६ या बाइटाची रांग दिसली तर ती केवळ भरीची आहे. हे सर्व प्रतीवरच करावे आणि फ्लॉपीवरून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवावी.

बारांपैकी काही फ्लॉपी अजून वाचायच्या राहिल्या असतील, तर आणखी दोन गोष्टी. एक, ५.२५ इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिणे बंद होते. ३.५ इंची फ्लॉपीत नेमके उलट असते, तिथे खिडकी उघडी ठेवली की लिहिणे बंद होते. ही गफलत अनुभवी माणसांकडूनही होते. दोन, फ्लॉपी फिरताना खरवडल्यासारखा आवाज आला, तर ताबडतोब ती बाहेर काढून ड्राइव्हचे हेड अल्कोहोलने पुसावे, कारण एका फ्लॉपीची बुरशी किंवा सुटलेला थर हेडला चिकटून पुढच्या फ्लॉपीवर चरे पाडतो. वाचणे अवघड जात असेल तर ग्रीझविझलसारखे छोटे सर्किट वापरता येते. ते फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते, त्यामुळे दुबळ्या झालेल्या सेक्टरांचा अर्थ नंतर सवडीने लावता येतो.

प्रश्न : जुन्या संगणकाची पिवळी पडलेली पेटी पुन्हा पांढरी करावी का?

उत्तर : करता येते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने हा पिवळेपणा जातो, परंतु बऱ्याच पेट्या काही काळाने पुन्हा पिवळ्या पडतात आणि लेप कमी-जास्त बसला तर डागही उमटतात. माझे मत विचाराल तर साबणाच्या पाण्याने पुसून ठेवावे आणि पेटी उन्हापासून दूर ठेवावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. जुन्या संगणकांचे मला फार आकर्षण आहे, पण माझ्याकडे एकही यंत्र नाही. एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) शिकणे म्हणजे नकली अनुभव, असे एका संग्राहकांनी मला सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर : मला ते मान्य नाही. आपल्याला जर त्या काळचे प्रोग्रॅम समजून घ्यायचे असतील, तर एम्युलेटर हाच योग्य आरंभ आहे. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी व्हाइस आणि डॉसच्या प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स, या दोन्ही मोफत आणि वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळलेल्या गोष्टी आहेत. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्रॅम तयार केला. तो एकदा चालवून पाहिलात, एका घरातला आकडा बदलल्यावर बाकीची घरे आपोआप बदलताना पाहिलीत, तर हिशेब ठेवणारी माणसे केवळ त्या प्रोग्रॅमसाठी संगणक का घेऊ लागली हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. त्याशिवाय डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, २०१८ साली आणि ४.० चा २०२४ साली मुक्त परवान्याखाली खुला झाला आहे. तो वाचण्यासाठी तर यंत्राचीही गरज नाही.

एम्युलेटरची एक मांडणी मात्र आठवणीने तपासा. डॉसच्या खेळांतील चित्र ३२० आडव्या आणि २०० उभ्या ठिपक्यांचे असे, पण ते ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर पूर्ण पसरत असे. याचा अर्थ प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या पडद्यावरचे ठिपके चौरस असतात, त्यामुळे दुरुस्ती न करता चित्र दाखवले तर माणसे बुटकी आणि चाके चपटी दिसतात, आणि त्या काळच्या चित्रकाराचे काम कच्चे होते असा त्याच्यावर अन्याय होतो. डॉसबॉक्समध्ये प्रमाण दुरुस्त करण्याची सोय आहे, ती चालू करावी.

खऱ्या यंत्राकडेच जे मिळते ते कीबोर्डचा हाताला लागणारा स्पर्श, ड्राइव्हचा आवाज आणि वाट पाहणे. तेही मोलाचे आहे, आणि संधी मिळेल तेव्हा जरूर घ्या.

प्रश्न : माझ्या जुन्या टॅबलेटवर संगीताचा सराव करण्याचे एक ॲप आहे. नव्या टॅबलेटवर ते मिळत नाही, बनवणाऱ्यांनीही ते मागे घेतले आहे. ते कसे जपावे?

उत्तर : फ्लॉपीतला प्रोग्रॅम चाळीस वर्षांनीही वाचता येतो, आणि दहा वर्षांपूर्वीचे ॲप मात्र हातातून निसटते, याची मला मनापासून काळजी वाटते. याला कारणे आहेत. ॲपलने २०१७ साली आयओएस ११ ही आयफोन-आयपॅडची कार्यप्रणाली आणली तेव्हा ३२ बिटांची सर्व जुनी ॲप्स एकदम चालेनाशी झाली. ज्या ॲपचा अर्धा भाग दूरच्या सर्व्हरवर असतो, ते तर सर्व्हर बंद होताच निरुपयोगी होते. ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रे चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, पण त्या फाइली लोकांच्या हाती असल्यामुळे रफल नावाच्या एम्युलेटरने त्यांतल्या अनेक पुन्हा चालवता आल्या. ॲपच्या बाबतीत फाइल आपल्या हाती क्वचितच असते.

म्हणून आपले ॲप ज्या टॅबलेटवर आहे, तो टॅबलेटच जपावा लागेल. त्यावरची आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद करा, ॲप काढून पुन्हा बसवण्याचा प्रयोग करू नका आणि टॅबलेट रीसेटही करू नका. इंटरनेट बंद ठेवून ॲप चालते का ते एकदा पाहा, म्हणजे ते सर्व्हरवर अवलंबून आहे की नाही ते कळेल. बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून काही महिन्यांनी एकदा सुरू करत जा. पडदा कडेने उचललेला किंवा पाठ फुगलेली दिसली, तर लगेच वापर थांबवून कुशल तंत्रज्ञाकडून बॅटरी बदलून घ्यावी. आणि आज, ॲप चालू आहे तोवर, त्यातील आपल्या सरावाच्या नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवा. निर्यात करण्याची सोय नसेल, तर पडद्याची छायाचित्रे घेतली तरी पुरे.