बँकेच्या कम्प्लायन्समध्ये, म्हणजे बँक नियम पाळते का ते बघणाऱ्या विभागात, नवीन आलायस ना, मग हे वाच
पहिले काही महिने नुसते नियम पाठ करत बसू नकोस, धंदा कसा चालतो ते बघ, म्हणजे कर्ज कोण मंजूर करतं, टार्गेट कोण ठरवतं, बोनस कशावर मिळतो, कारण बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचंच घे, 2016 मध्ये बाहेर आलं की टार्गेटपायी स्टाफने ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती, आणि कागदावर नियम होतेच की!

तुझा बॉस विक्रीचाच माणूस असेल तर तुझ्या 'नाही'ला किंमत राहत नाही. कम्प्लायन्स स्वतंत्र हवं हे बासेल कमिटीने, म्हणजे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या समितीने, 2005 मध्येच सांगून ठेवलंय, त्यामुळे बोर्डाशी थेट बोलता येईल का ते आधीच विचारून घे.

संशयास्पद व्यवहारावर सिस्टीमने दिलेला इशारा, म्हणजे अलर्ट, बंद करताना "ग्राहक ओळखीचा आहे" एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस प्लीज. पैसा कुठून आला, रक्कम त्याच्या धंद्याशी जुळते का, कुठला कागद पाहिलास, सगळं तारखेसकट लिही, उद्या इन्स्पेक्शनला तू नसशील, तुझी नोंदच असेल. आणि संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट सरकारी यंत्रणेला पाठवलास तर ग्राहकाला अजिबात कळू देऊ नकोस, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते तक्रार घेऊन येणाऱ्याला. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनिया शाखेतल्या संशयास्पद पैशांबद्दल आतल्याच माणसाने 2013 मध्ये सावध केलं होतं, तरी सगळं बाहेर यायला 2018 उजाडलं. म्हणून तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेव, आणि पुढे काय केलं तेही त्याला कळव.