पांझरेच्या पुरात कयाक नको
खानदेशातल्या पांझरा-गिरणा नद्यांना पूर आला की हात शिवशिवतील, पण तिथे कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) घालू नकोस, भाऊ. पुरात बाभळी वाहत येतात, आणि फडाच्या (शेतीला पाणी वळवणाऱ्या जुन्या) बंधाऱ्यांखाली पाणी उलटं फिरतं. त्यात अडकलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही सहज सुटत नाही. दिसायला मात्र अगदी साधं!

आधी शांत तलावात, उलटलेल्या कयाकमधून बाहेर यायला शीक. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कंबरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणाऱ्या कापडाची, ओढपट्टी डोळे मिटून सापडली पाहिजे. मग रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं. मग खळाळत्या पाण्यासाठी रायगडमधल्या कोलाडला जा; तिथे कुंडलिका नदीत धरणाचं पाणी सकाळी सुटतं, म्हणून आदल्या रात्रीच पोहोच. परदेशात पहिली नेपाळची सेती नदी: कोमट पाणी, सौम्य खळाळ. सोबतीला थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी) नेमकी फेकणारा मित्र हवा. काठावर भरीत काय, कुणीही करेल.