पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःची पुस्तकं लिहायला खरंच वेळ मिळतो का?

मिळतो, पण दोन्ही एकाच वेळी नाही. लेखक-पत्रकार जॉन मॅकफींचंच बघा. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जन्मले, तिथेच शिकले आणि १९७५पासून तिथल्याच विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागले. शिकवण्याचं सत्र सुरू असलं की ते स्वतःचं लिखाण बंद ठेवत. वर्गात सोळा मुलं. प्रत्येकाचा लेख ओळ न् ओळ तपासायचा आणि मग त्याला समोर बसवून बोलायचं. (आपल्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्यांना हे परीकथेसारखं वाटेल.)

'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात लिहायचं हे त्यांचं फार जुनं वेड. वर्षानुवर्षं लेख साभार परत येत होते, पोटापाण्याला 'टाइम' साप्ताहिकाची नोकरी. १९६५ साली बास्केटबॉलपटू बिल ब्रॅडलीवरचा लेख छापून आला आणि 'न्यूयॉर्कर'ने त्यांना घेतलं.

मला त्यांचा खरा मोठेपणा वाटतो तो लेखाच्या रचनेत. १९६६ साली न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स जंगलावर ढीगभर टिपणं जमली होती, पण पहिलं वाक्य काही सुचेना. जवळजवळ दोन आठवडे हा माणूस परसातल्या टेबलावर उताणा पडून झाडाकडे बघत होता! शेवटी लक्षात आलं की जंगलात राहणाऱ्या फ्रेड ब्राउन या म्हाताऱ्यापासून सुरुवात केली, तर बाकीचे बहुतेक विषय त्याच्या आसपास आपोआप बसतात. आराखड्याची सवय मात्र शाळेतली. मॅकी बाई आठवड्याला तीन-तीन लेख लिहून घ्यायच्या आणि सोबत आराखडाही मागायच्या. पुढे टिपणं टाइप करायची, कात्रीने कापायची आणि विषयवार पाकिटांत भरायची, ही मॅकफींची पद्धतच झाली.

'टाइम'मध्ये मजकूर पानात बसला नाही की जादा ओळी हिरव्या पेन्सिलीने उडवत. मॅकफींनी तेच वर्गात आणलं: इतक्या ओळी काढा, पण काढल्याचं कुणाला कळता कामा नये. अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं प्रसिद्ध छोटं भाषणही या काटछाटीतून सुटलं नाही. 'न्यूयॉर्कर'चे संपादक डेव्हिड रेम्निक याच वर्गातले.

आणि पुस्तकांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या भूगर्भावरचं काम १९७८ला सुरू झालं, एकत्रित ग्रंथ १९९८ला आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. वीस वर्षं, शिकवणं सांभाळून. तेव्हा शिकवण्याची नोकरी घेण्याआधी पगाराबरोबर एवढं नक्की विचारा: वर्गात मुलं किती, आणि वर्षातलं एखादं सत्र मोकळं मिळेल का?