रक्तदाब २१०, तरीही जिभेखाली औषध का दिले नाही?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. डोके जड वाटते म्हणून रक्तदाब मोजला, तर तो २१०/११० निघाला. रुग्णालयात ईसीजी व इतर तपासण्यांत काही आढळले नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांची चुकलेली नेहमीची गोळी दिली, शांत पडू दिले आणि तीन तासांनी १८०/१०० असताना घरी पाठवले. पूर्वी आजोबांच्या जिभेखाली कॅप्सूल पिळून काही मिनिटांत रक्तदाब उतरवलेला मी पाहिला आहे. वडिलांच्या बाबतीत हयगय झाली का?

उत्तर : तुमच्या पत्रावरून तरी हयगय दिसत नाही. आजोबांना दिलेले औषध बहुधा निफेडिपिन असावे. त्याने रक्तदाब झपाट्याने उतरे, पण किती उतरेल यावर कोणाचाच ताबा नसे. त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी पाहून १९९६ साली तज्ज्ञांनी ही पद्धत थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या वाढलेल्या दाबाला सरावतात, त्यामुळे तो एकाएकी १२० वर आणल्यास मेंदूला रक्त अपुरे पडू शकते.

आकडा १८०/१२० च्या पुढे गेला की मेंदू, हृदय, मूत्रपिंडे, डोळे किंवा महाधमनी यांना त्या क्षणी इजा होत आहे का, हे डॉक्टर आधी शोधतात. होत असेल, तर अतिदक्षता विभागात शिरेतून लॅबेटॅलॉलसारखे औषध मोजून देतात, आणि तरीही पहिल्या तासात सरासरी दाब सहसा २५ टक्क्यांहून अधिक उतरवत नाहीत. महाधमनीचा आतला पदर फाटला असेल, तर मात्र वरचा दाब तातडीने १२० च्या खाली आणावा लागतो. याउलट गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात, गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे नसल्यास, २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या दिवशी बहुधा तसाच राहू देतात. नातेवाइकांना याचा धक्का बसतो, आणि हे समजावून सांगायला आम्ही डॉक्टर अनेकदा दोन मिनिटेही देत नाही, याची मला खंत वाटते.

वडिलांना काही दिवसांतच पुन्हा तपासून घ्या आणि गोळी कशामुळे चुकली, हे त्यांना शांतपणे विचारा. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, अंधुक दिसणे किंवा आकडी येणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजत न बसता १०८ वर फोन करावा. गरोदर स्त्रीचा रक्तदाब १६०/११० झाला, तर कोणतेही लक्षण नसले तरी तिला लगेच रुग्णालयात न्यावे.