चिंच लावण्याआधी

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडमध्ये नॉरिचला आले आहे. मेटल डिटेक्टर घेऊन तो रविवारी एका शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानात जातो, त्याच्या परवानगीनेच. परवा त्याला बांगडीहून लहान, हिरवी पडलेली कडी सापडली. खाली सपाट दांडी, वर तीन उंचवटे, त्यांत लाल ठिपके. तो म्हणतो, रथाची आहे. मी चिंच-मीठ लावून लख्ख करते म्हटलं, तर हात लावू देत नाही! (फोटो जोडला आहे.)
– एक आई, मूळ नाशिक

उत्तर : ताई, चिंच आमटीत घाला. मुलाचं बरोबर दिसतंय. बैलगाडीसारखंच जू दोन तट्टांच्या मानेवर असे आणि त्यावर अशा कड्या. लगाम त्यांतून ओवून घेतले की गुंतत नसत. दोन घोड्यांचे चार लगाम, म्हणून चार कड्या, मधोमध पाचवी, बहुधा मोठी. यॉर्कशरमधल्या वेटवांगला 2001 साली एका बाईच्या थडग्यात रथासोबत असा पाचांचा संच निघाला. तुमच्या कडीतले लाल ठिपके म्हणजे मीना, खोबणीत वितळवलेली काच. नॉरफकमध्ये, म्हणजे नॉरिचच्याच परगण्यात, असं काम साधारण 2000 वर्षांपूर्वीचं, म्हणजे रोमनांविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीच्या आगेमागचं.

आंबटाने हिरवा थर जाईल आणि त्याबरोबर लगामाच्या चामड्याने घासून झिजलेली जागाही. मीना निखळेल तो वेगळाच. कॉलेजात असताना आजोबांची शिवराई मी लिंबाने घासली होती. ‘श्री राजा शिव’मधला ‘शिव’ तेव्हापासून वाचता येत नाही. आजोबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

माती तशीच राहू द्या, कोरड्या डबीत ठेवा. सापडल्या जागेची नेमकी नोंद करून मुलाने ती पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, स्थानिक अधिकाऱ्याला दाखवावी. पितळ-काशाची एकटी कडी तिथल्या कायद्याने सहसा ‘खजिना’ ठरत नाही. पण त्याच जागी तेवढीच जुनी दुसरी निघाली, तर ठरते आणि 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या तिथल्या न्यायाधिकाऱ्याला, कळवावं लागतं. तसं झालं तर त्याने खणणं तिथेच थांबवावं. वेल्समधल्या पेम्ब्रुकशरला 2018 साली डिटेक्टरवाल्याला असाच घोड्याचा साज लागला आणि पुढच्या उत्खननात तिथे रथ पुरलेला निघाला.